इंग्लंडमध्ये अकरावी-बारावीला ‘हेल्थ अँड सोशल केअर’: नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

आई नर्सच्या नोकरीवर इंग्लंडला आली, मागोमाग घरचे आले, आणि दहावी झालेल्या मुलीला इथल्या शाळेने विचारलं, ‘हेल्थ अँड सोशल केअर’ घेणार का? घरात लगेच दोन तट पडतात. एकाला वाटतं, सायन्स झेपणार नाही असं समजून पोरीच्या गळ्यात हे मारतायत. दुसऱ्याला वाटतं, नावात हेल्थ आहे म्हणजे पुढे डॉक्टर होता येईल. दोघांचंही चुकतंय. हा विषय नर्सिंग, सोशल वर्क, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी मदत) अशा कामांकडे नेणारा सरळ रस्ता आहे, आणि त्यात लिखाण भरपूर आहे. पाठांतरावर दहावी काढलेल्या मुलांना पहिल्या सहामाहीत तो जड जातो. मेडिकलला मात्र तो एकटा पुरत नाही.

पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी, वेल्सचीही बरीच वेगळी.

वर्गाचा घोळ आधी मिटवा

इथली ‘इयर ट्वेल्व्ह’ म्हणजे आपली अकरावी आणि ‘इयर थर्टीन’ म्हणजे बारावी. या दोन वर्षांना मिळून सिक्स्थ फॉर्म म्हणतात. वय १६ ते १८. ही वर्षं काही शाळांमध्येच होतात, काही ठिकाणी वेगळं सिक्स्थ फॉर्म कॉलेज असतं, आणि मोठ्या एफई (फर्दर एज्युकेशन) कॉलेजांतही हे विषय शिकवतात. वर्ग वयावरून ठरतो: ३१ ऑगस्टपर्यंत १६ पूर्ण झाली असतील तर सप्टेंबरला इयर ट्वेल्व्ह. भारतात अकरावी करून आलेल्या मुलाला इथे पुन्हा इयर ट्वेल्व्हला बसवलं तर वर्ष वाया गेलं म्हणून हळहळू नका. हे कोर्स दोन वर्षांचे असतात आणि अध्येमध्ये शिरलेल्या मुलाचे हाल होतात. सोळाव्या वर्षानंतर घरी बसायचीही सोय नाही, कारण इंग्लंडमध्ये १८ पूर्ण होईपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेवावंच लागतं.

शेवटाकडून सुरुवात करा

विषय निवडण्याआधी पुढे काय करायचंय ते कच्चं का होईना, कागदावर लिहा. मग आवडीच्या चार-पाच युनिव्हर्सिटींच्या संकेतस्थळांवर त्या कोर्सची प्रवेशाची अट वाचा. शेजारच्यांचा मुलगा कुठे लागला यावरून अंदाज बांधू नका, कारण प्रत्येक युनिव्हर्सिटीची अट वेगळी असते.

ढोबळ चित्र असं: नर्सिंग, सोशल वर्क, बालशिक्षण, ऑक्युपेशनल थेरपी यांना हा विषय बऱ्याच ठिकाणी चालतो, नर्सिंगला तर आनंदाने. मिडवाइफरीला (सुईणकामाला) चालतो, पण जागा कमी आणि स्पर्धा फार. फिजिओथेरपीला अनेक ठिकाणी बायॉलॉजी हवी असते. फार्मसीला केमिस्ट्री लागते. मेडिसिन आणि डेंटिस्ट्रीला केमिस्ट्री-बायॉलॉजीच्या ए-लेव्हल (या दोन वर्षांत एकेका विषयाची परीक्षा) धरूनच चाला. तिथे हेल्थ अँड सोशल केअर घेतलंच तर ते सोबतीला, आणि ती युनिव्हर्सिटी ते मोजते का हे विचारूनच.

मुलीला नर्सिंगचं नक्की वाटत नसेल तर एक जोड मला आवडते: हेल्थ अँड सोशल केअर (एका ए-लेव्हलएवढं), बायॉलॉजी आणि सायकॉलॉजी. या तिघांचं एकमेकांशी जमतं आणि दारंही फारशी बंद होत नाहीत.

कोर्सचं पूर्ण नाव मागा

‘हेल्थ अँड सोशल केअर’ एवढ्या नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पिअर्सन या परीक्षा मंडळाचं बीटेक हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव. (गावाकडे फोनवर सांगताना जपून. तिकडे बीटेक म्हणजे इंजिनिअरिंग, पेढे वाटून होतील.) त्यात एक्स्टेंडेड सर्टिफिकेट एका ए-लेव्हलच्या बरोबरीचं, डिप्लोमा दोनच्या आणि एक्स्टेंडेड डिप्लोमा तीनच्या. सप्टेंबर २०२५ पासून एका ए-लेव्हलएवढ्या आकाराचे नवे कोर्स आले आहेत, त्यांना ‘ए ए क्यू’ म्हणतात. पिअर्सनचा आहे, ओसीआर या दुसऱ्या परीक्षा मंडळाचाही आहे. शिवाय टी-लेव्हल हेल्थ आहे. हा तीन ए-लेव्हलएवढा मोठा कोर्स २०२१ मध्ये सुरू झाला, आणि त्यात किमान ३१५ तासांची प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचा अनुभव, करावी लागते. सरकारने ‘व्ही-लेव्हल’ नावाचा आणखी एक प्रकार जाहीर केला आहे, त्यामुळे येत्या काही वर्षांत नावं बदलत राहणार. म्हणून प्रवेशाच्या वेळी विचारा: कोर्सचं पूर्ण नाव काय, किती ए-लेव्हलच्या बरोबरीचा, परीक्षा किती आणि असाइनमेंट किती.

युनिव्हर्सिटीला लागणारे गुण यूकॅसच्या (युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज घेणाऱ्या संस्थेच्या) मापात मोजतात. एक्स्टेंडेड सर्टिफिकेटला डिस्टिंक्शन स्टार मिळालं तर ५६, म्हणजे ए-लेव्हलच्या ए-स्टारएवढेच. डिस्टिंक्शनला ४८, मेरिटला ३२, पासला १६. टी-लेव्हलच्या डिस्टिंक्शन स्टारला १६८. या आकड्यांकडे बघितल्यावर ‘कमी दर्जाचा विषय’ ही कुजबुज थांबायला हरकत नाही. पण पास आणि मेरिट यांच्यातली दरीही बघा. नुसतं पास होत राहणं इथे फार महाग पडतं.

प्रवेश: कागद, तारखा आणि इंग्रजी-गणित

नेहमीची वाट अशी: ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओपन इव्हिनिंग (शाळा-कॉलेज बघायला बोलावतात ती संध्याकाळ), हिवाळ्यात अर्ज, ऑगस्टमध्ये जीसीएसईचा (इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा) निकाल आणि त्याच आठवड्यात नावनोंदणी. तुम्ही जूनमध्ये विमानातून उतरला असाल तर ही वाट हुकलेली असते, पण घाबरू नका. थेट कॉलेजच्या ॲडमिशन विभागाला फोन करा आणि उशिरा येणाऱ्यांसाठी नोंदणी कधी आहे ते विचारा. ऑगस्टच्या शेवटी गळती होऊन जागा निघतात. सोबत पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड, पत्त्याचा पुरावा, दहावीची मूळ गुणपत्रिका आणि जुन्या शाळेचं एखादं पत्र ठेवा.

इंग्रजी आणि गणित ही इथली खरी चाळण. जीसीएसईत या दोन विषयांत ग्रेड ४ नसेल तर सिक्स्थ फॉर्ममध्येही ते चालू ठेवावे लागतात. भारतातून थेट आलेल्या मुलाची दहावी काही कॉलेजं तशीच धरतात, काही यूके एनिककडून (परदेशी शिक्षण इथल्या कशाच्या बरोबरीचं ते सांगणाऱ्या संस्थेकडून) समकक्षतेचं पत्र मागतात. कॉलेजने सूट दिली तरी मी म्हणेन, नर्सिंगचा विचार असेल तर जीसीएसई इंग्रजी आणि गणित देऊनच टाका. युनिव्हर्सिटीच्या अर्जाच्या वेळी हा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि तेव्हा हातात वेळ नसतो.

व्हिसा आणि फी: हे आजच वाचा

ओपन इव्हिनिंगला हे कुणी आपणहून सांगत नाही. आईवडिलांच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या मुलाला सिक्स्थ फॉर्म साधारणपणे फुकट शिकता येतं. युनिव्हर्सिटीचं तसं नाही. होम फी आणि स्टुडंट लोनसाठी साधारण अट अशी की मुलाकडे इथे कायम राहण्याचा दर्जा हवा आणि कोर्सआधीची तीन वर्षं वास्तव्य इथलं हवं. डिपेंडंट व्हिसावर असलेला मुलगा इथेच दोन वर्षं शिकला तरी फीच्या बाबतीत तो बहुतेक वेळा परदेशी धरला जातो. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एनएचएसकडून (इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून) वर्षाला ५,००० पौंडांचं अनुदान मिळतं, पण तेही स्टुडंट लोनला पात्र असणाऱ्यांनाच.

म्हणून तुमच्या व्हिसाचं गणित आणि मुलाच्या बारावीचं वर्ष एका कागदावर शेजारी-शेजारी मांडा. बारावी संपणं आणि कायम राहण्याचा दर्जा मिळणं यांत दोन वर्षांचं अंतर राहत असेल तर मधल्या काळाचा विचार आत्तापासून करता येतो: हेल्थकेअर असिस्टंटची नोकरी, किंवा अप्रेंटिसशिप. मात्र अप्रेंटिसशिपलाही वास्तव्याच्या अटी असतात. आणि हे सगळं तपासायचं ते युनिव्हर्सिटीच्या फी विभागाकडून लेखी. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेल्या काकांकडून नव्हे.

शिकवतात काय

जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा वाढतो हा पहिला मोठा भाग. वाढ चार अंगांनी बघायची: शारीरिक, बौद्धिक, भावनिक, सामाजिक. मुलं त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पाइज’ म्हणतात. माणूस कसा वाढतो आणि शिकतो याचे सिद्धांत मांडणारी पियाजे, बोल्बी, बंडुरा, चॉम्स्की ही मंडळी इथे भेटतात. दुसरा भाग सेवांचा: १९४८ साली सुरू झालेली एनएचएस, कौन्सिलची सोशल केअर, केअर होम, आणि या सगळ्यांची तपासणी करणारं केअर क्वालिटी कमिशन. तिसरा कायद्यांचा: इक्वालिटी ॲक्ट २०१०, केअर ॲक्ट २०१४, मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५. शरीरशास्त्र आणि आजारही असतात, किती ते कोर्सवर अवलंबून.

कायदे पाठ करायचे नसतात, लावून दाखवायचे असतात. मेंटल कपॅसिटी ॲक्टचं पहिलं तत्त्वच घ्या: माणूस स्वतःचा निर्णय घ्यायला समर्थ आहे असं धरून चालायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही. आपल्या घरात ‘आजोबांना काय कळतंय, आपणच ठरवू’ असं सहज म्हटलं जातं. इथल्या परीक्षेत त्या वाक्याला शून्य. आणि हाच समर्थ आजोबा दुसऱ्याला चुकीचा वाटणारा निर्णय घेत असला तरी तो त्याचा हक्क आहे, हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलांच्या गळी उतरायला लागतं.

उत्तर कसं लिहायचं

इथे जरा थांबतो, कारण मार्क इथेच जातात. आपली मुलं माहिती भरपूर लिहितात. मार्क मिळतात ते माहितीचं काय केलं याला.

समजा प्रसंग असा: एक ८१ वर्षांचे गृहस्थ, पत्नी वारल्यावर एकटे राहतात. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलाय. मुलगी दोन तासांच्या अंतरावर. हॉस्पिटलमधून सोडायची वेळ आली आहे, त्यांना घरीच जायचंय. प्रश्न: त्यांच्या काळजीचं नियोजन तपासा.

पासच्या पातळीचं उत्तर सांगतं की कोण कोण येईल: फिजिओथेरपिस्ट व्यायाम घेईल, ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाथरूममध्ये दांडे बसवायला सुचवेल, सकाळ-संध्याकाळ केअरर येईल. सगळं बरोबर आहे, फक्त ही यादी झाली.

मेरिटचं उत्तर धागे जोडतं. जाड मुठीचा चमचा मिळाला तर ते डाव्या हाताने स्वतः जेवतील, त्यामुळे हाताला सवय होईल आणि भरवून घेण्याचा संकोचही टळेल. पण केअरर घाईत असेल आणि तिने भरवून टाकलं, तर थेरपिस्टने आठवडाभर केलेली मेहनत दोन दिवसांत जाईल. म्हणून दोघींच्या नोंदी एकमेकींना दिसल्या पाहिजेत.

डिस्टिंक्शनला तराजू लागतो. घरी पडण्याचा धोका आहे, केअर होममध्ये तो कमी. पण निर्णय घ्यायची क्षमता त्यांच्यात आहे आणि इच्छा घराची आहे. मुलीची काळजी खरी आहे, तरी निर्णय तिचा नाही. मग लिहायचं: घरी पाठवणं योग्य, कारण अमुक. अट ही की सहा आठवड्यांनी फेरआढावा व्हावा. आणि अमुक घडलं, उदाहरणार्थ पुन्हा पुन्हा पडणं, तर माझं मत बदलेल. बाजू घ्या, कारण द्या, आणि ती बाजू कुठे ढासळते तेही सांगा.

प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारायची सवय लावा. ‘डिस्क्राइब’ला वर्णन पुरतं, ‘अ‍ॅनलाइज’ला कारण आणि परिणाम हवेत, ‘इव्हॅल्युएट’ला शेवटी मत हवं. आणि प्रसंगातल्या माणसाचं नाव उत्तरात पुन्हा पुन्हा आलं पाहिजे. नाव काढून टाकूनही उत्तर तसंच वाचता येत असेल तर ते कुणाचंही उत्तर आहे.

असाइनमेंटबद्दल थोडं. तारीख चुकवू नका. वेळेवर दिलेलं काम कमी पडलं तर सहसा एकदाच सुधारून द्यायची संधी मिळते, तीही शाळेने मान्य केली तर. काम सुरू असताना शिक्षक मसुदा तपासून ‘इथे हे घाल’ असं सांगणार नाहीत, नियमच तसा आहे. त्यांना माया नाही असं समजू नका. काम माझंच आहे अशी सही मुलाला करावी लागते. चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं पान त्या सहीखाली गेलं तर ती फसवणूक धरली जाते. आई नर्स असेल तर मोह आणखी वाढतो. आईने समजावून सांगावं जरूर, पण तिच्या वॉर्डातल्या पेशंटची हकिगत, नाव बदलूनसुद्धा, मुलाच्या असाइनमेंटमध्ये जाता कामा नये. आईची नोकरी धोक्यात येईल.

प्लेसमेंट

टी-लेव्हलला आणि मोठ्या डिप्लोमांना प्लेसमेंट असते. लहान कोर्सला नसली तर स्वतः शोधा: केअर होम, नर्सरी, डे सेंटर, चॅरिटीचं दुकानही चालेल. शोध सप्टेंबरातच सुरू करा, कारण डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि परदेशातून नुकत्याच आलेल्यांकडे आणखी कागद मागू शकतात.

पहिल्या दिवसाची तयारी: बाही कोपरावर, नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, घड्याळ आणि बांगड्या घरी. मनगटावरच्या धाग्याबद्दल आधीच विचारा. बहुतेक ठिकाणी काढायला सांगतात.

मराठी घरातल्या मुलांना खरी अडचण येते ती चांगल्या संस्कारांची. म्हाताऱ्या माणसाने पाणी मागितलं की आपण पेला पुढे करतो. केअर होममध्ये थांबायचं. पक्षाघात झालेल्या किंवा डिमेन्शिया असलेल्या माणसाला गिळताना त्रास असू शकतो, साधं पाणी श्वासनलिकेत जाऊन छातीत संसर्ग होऊ शकतो. पेयं किती घट्ट द्यायची याच्या ० ते ४ अशा पातळ्या ठरलेल्या आहेत आणि कुणाला कोणती ते केअर प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. मुलाने म्हणायचं, ‘मी विचारून आणतो,’ आणि कर्मचाऱ्याला विचारायचं. तसंच कुणी खाली पडलं तर धावत जाऊन काखेत हात घालून उचलायचं नाही. घंटा वाजवायची, जवळ बसायचं, बोलत राहायचं. उचलण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि त्यासाठी होइस्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, असतो.

स्वेटरची बटणं लावायला एखाद्या आजींना पाच मिनिटं लागत असतील तर पाच मिनिटं लागू द्यायची. ‘राहू द्या, मी लावतो’ म्हणणारा मुलगा घरी गुणी ठरतो, इथे मात्र तो त्या आजींची उरलीसुरली क्षमता काढून घेत असतो. त्यांना ग्रॅनी किंवा आंटीही म्हणायचं नाही, आधी विचारायचं की काय म्हणू. कुणी मिसेस अमुक सांगेल, कुणी नुसतं पहिलं नाव. पहिल्या नावाने हाक मारताना आपल्या मुलांची जीभ अडखळते, होईल सवय.

कुणी कानात काही सांगितलं, ‘कुणाला सांगू नकोस हं’ म्हणून, तर वचन द्यायचं नाही. कुणी मारतंय, पैसे काढून घेतंय अशी शंका आली तर त्याच दिवशी प्लेसमेंटच्या आणि कॉलेजच्या सेफगार्डिंगच्या (छळ-शोषणापासून संरक्षणाच्या) जबाबदार व्यक्तीला सांगायचं. फोटो नाही, व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपवर गंमत म्हणूनही नाही. एखाद्या हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या आजोबांशी गप्पा मारल्या तर त्यांचा दिवस चांगला जाईल, अवश्य माराव्यात. पण डॉक्टर संमती विचारत असतील तर दुभाष्या व्हायचं नाही, त्यासाठी व्यावसायिक दुभाषे बोलावतात.

रोज घरी आल्यावर दहा ओळी लिहायच्या: काय पाहिलं, मी काय केलं, पुढच्या वेळी वेगळं काय करीन. माणसांची नावं नाहीत. ही वही पुढे सोन्याची ठरते.

यूकॅसचा अर्ज

इयर थर्टीनच्या सुरुवातीलाच अर्जाचं काम लागतं. मेडिसिन आणि डेंटिस्ट्रीसाठी मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्या बहुतेक कोर्सेससाठी जानेवारी. २०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट सलग निबंध राहिलेलं नाही. तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, मिळून ४,००० अक्षरांत: हा कोर्स का, अभ्यासाने काय तयारी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. ‘लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची आवड आहे’ हे वाक्य हजारो अर्जांत असतं. त्याऐवजी त्या वहीतला बटणांचा प्रसंग घाला.

नर्सिंगच्या मुलाखतीत मार्कांपेक्षा वृत्ती तपासतात. ‘पेशंट आंघोळीला नाही म्हणतोय, काय कराल?’ असा प्रश्न येतो. ‘समजावून तयार करीन’ म्हणून थांबणारी मुलं बरीच असतात. का नको म्हणतोय ते आधी विचारा: थंडी वाजते, लाज वाटते, मदतीला बाईऐवजी पुरुष हवा, की दुखतंय? मग पर्याय द्या, थोड्या वेळाने पुन्हा विचारा, तरीही नाही म्हणाला तर त्याचा मान ठेवा आणि नोंद करून वरिष्ठांना सांगा. घरी जेवणाच्या टेबलावर असे प्रश्न एकमेकांना विचारा, आणि उत्तरं इंग्रजीत द्यायला लावा, मोठ्याने.